आधी हात की आधी पदवी : वाचकांच्या चार पत्रांना उत्तरे

दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या एकदम वाढते आणि त्यांतली बरीच पत्रे एकाच पेचाभोवती फिरत असतात : कॉलेजची पदवी घ्यावी की हाताला काम शिकवणारे प्रशिक्षण घ्यावे? या अंकासाठी चार पत्रे निवडली आहेत. तीन सांगली जिल्ह्यातली आणि एक साताऱ्याचे. पत्रे लांब होती, ती संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत. मी स्वतः आयटीआयमध्ये कातारीकाम (लेथवर धातू कातण्याचे काम) शिकलो, कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली, पुढे बरीच वर्षे शिल्पनिदेशक, म्हणजे कर्मशाळेतला शिक्षक, म्हणून शिकवले आणि पदवी मात्र नोकरी करता करता, वयाच्या एकतिसाव्या वर्षी घेतली. माझे मत कोणत्या बाजूला झुकते हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे, म्हणून हे सांगितले.

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला ६४ टक्के गुण मिळाले, गणितात मात्र ५१ आहेत. त्याला आयटीआयला जाऊन फिटर व्हायचे आहे. विहिरीवरची मोटार बिघडली की तोच ती खोलून बसतो. आमची द्राक्षबाग आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे, की पोराने पान्हेच धरायचे होते तर एवढी वर्षे शाळेत कशाला घातले. त्याने अकरावी सायन्स घ्यावे आणि इंजिनिअर व्हावे. माझे दीर म्हणतात, डिप्लोमा बरा. अर्जांची मुदत जवळ आली आहे आणि घरात रोज वाद होतो. – एक आई, पलूस तालुका

उत्तर : ताई, तुमच्या घरातल्या तिघांच्या बोलण्यात एक समज सारखाच दिसतो. आयटीआय, पदविका (म्हणजे डिप्लोमा) आणि पदवी हे तीन वेगवेगळ्या गावांना जाणारे रस्ते आहेत आणि एकावर पाऊल टाकले की बाकीचे कायमचे बंद होतात, असे तिघेही धरून चालले आहेत. प्रत्यक्षात हे रस्ते एकमेकांना मिळतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय व्यवसाय उत्तीर्ण झालेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि पदविका उत्तीर्ण झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आता वर्षे मोजून पाहू. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, अशी सहा. पदविकेची तीन आणि पदवीची तीन, अशीही सहाच. आयटीआयची दोन, पदविकेची दोन आणि पदवीची तीन, अशी सात. ज्या रस्त्याला तुमचे यजमान पोराचे नुकसान समजतात, तोही पदवीपर्यंत नेतो. फक्त एक वर्ष जास्त लागते.

त्या एका वर्षाच्या मोबदल्यात काय मिळते, हे शेतकऱ्याच्या घराला अधिक चांगले कळेल. बागेवर ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला, घरात कोणी आजारी पडले, दोन वर्षे पैसा थकला, तर शिक्षण मध्येच थांबवावे लागते. अशा वेळी आयटीआय झालेल्या मुलाच्या हातात एक प्रमाणपत्र आणि अंगात एक काम असते. दोन वर्षे नोकरी करून तो पुन्हा पदविकेला येऊ शकतो. बारावी सायन्सला गणित आणि भौतिकशास्त्रात अडकलेल्या मुलाकडे त्या दोन वर्षांचे दाखवण्यासारखे काही उरत नाही. दहावीच्या गणितात ५१ गुण मिळाले म्हणून मुलगा मंद आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण तेवढ्या पायावर त्याला थेट अकरावी सायन्सच्या आणि सीईटीच्या गणितात ढकलणे मला योग्य वाटत नाही.

फिटरला शासकीय मराठीत जोडारी म्हणतात. वेल्डरला संधाता, टर्नरला कातारी, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री. या जोडाऱ्याच्या वर्गात पहिले काही आठवडे काय चालते, ते तुमच्या यजमानांना एकदा दाखवावे असे मला फार वाटते. शेगड्यात (व्हाइसमध्ये) लोखंडाचा एक चौकोनी तुकडा पकडलेला असतो आणि मुलगा दोन्ही हातांनी कानस धरून तो सपाट करत असतो. पाहणाऱ्याला ही नुसती घासाघीस वाटते. थोडे घासून झाले की तो तुकडा शेगड्यातून काढतो, पुसतो, त्यावर गुण्या टेकवतो आणि खिडकीकडे धरून एक डोळा मिटून पाहतो. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची रेघ दिसली तर पृष्ठभाग अजून सपाट नाही. रेघ एका बाजूला जाड असेल तर त्या बाजूला कानस जास्त घासली गेली आहे. हे निदेशकाने सांगून कळत नाही, रेघ पाहून कळते. मग व्हर्नियर कॅलिपर येतो, ज्यावर मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर वाचायचा असतो. पुढे एका तुकड्यात खाच आणि दुसऱ्यात तिला बसणारा उंचवटा करून दोन्ही एकमेकांत सरकवायचे असतात. सैल झाले तर काम बाद, बसलेच नाही तरी बाद. ज्या मुलाने हे केले, त्याला पुढे पदविकेच्या वर्गात ‘टॉलरन्स’ (मापात चालेल एवढा फरक) हा शब्द पाठ करावा लागत नाही. याउलट, पदवी घेऊन थेट कारखान्यात आलेले हुशार तरुण ड्रॉइंगवर अशी मापे लिहून आणतात, जी यंत्रावर काढता येत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या हाताला कोणी शिकवलेच नव्हते.

अर्ज भरण्यापूर्वी मुलाला एक प्रश्न अवश्य विचारा. मोटार खोलल्यावर त्याचे मन कशात रमते? बेअरिंग काढणे, शाफ्टचा खेळ पाहणे, पंखा बसवणे यात, की जळालेली मोटार भरताना तारेचे फेरे मोजण्यात? पहिले असेल तर जोडारी योग्य आहे. दुसरे असेल तर त्याने वीजतंत्री व्यवसायाला पहिली पसंती द्यावी. दोन्ही व्यवसाय दोन वर्षांचे आहेत, पण पुढची दारे वेगळी आहेत. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासारख्या भरतीत वीजतंत्री किंवा तारतंत्री (वायरमन) प्रमाणपत्र मागतात, जोडाऱ्याचे चालत नाही. ‘मोटार दुरुस्त करतो म्हणून फिटर’ असे घाईने ठरवून नंतर हळहळणारी मुले माझ्या वर्गात दर वर्षी एक-दोन तरी असत.

तुमच्या दिरांचे म्हणणेही टाकाऊ नाही. मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या चांगल्या संस्थेत आवडीच्या शाखेला पदविकेचा प्रवेश मिळत असेल, तर तो पर्याय मी खुला ठेवीन. आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडून होतात आणि पदविकेचे तंत्रशिक्षण संचालनालयाकडून. दोन्ही प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात आणि दोन्हीकडे अर्ज करता येतो. आज वाद मिटवण्यापेक्षा दोन्ही अर्ज भरणे अधिक निकडीचे आहे. मात्र कोणत्या तरी संस्थेत, कोणत्या तरी शाखेत, नुसता डिप्लोमा पदरात पडावा म्हणून प्रवेश घेऊ नका.

या रस्त्यावर एक खड्डा आहे, तो लपवून ठेवणे बरोबर नाही. आयटीआयमध्ये जे गणित शिकवतात ते कर्मशाळेपुरते असते : क्षेत्रफळ, घनफळ, वेग, थोडी त्रिकोणमिती. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट गेलेल्या मुलाचे पहिल्या वर्षाचे गणित मधल्या मध्ये राहून जाते आणि कामात तरबेज असलेली मुले तिथे नापास होऊन घरी बसतात. यावर उपाय सोपा आहे, पण पहिल्या दिवसापासून करावा लागतो. आयटीआयची दोन वर्षे आठवड्यातून तीन-चार तास त्याने गणिताचा अभ्यास चालू ठेवावा. गावातल्या एखाद्या निवृत्त गुरुजींकडे बसला तरी पुरे.

आयटीआयनंतर पदविकेला जाण्यापूर्वी एक वर्ष शिकाऊ उमेदवारी केली तर उत्तमच. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. २०१९ साली नियम बदलून पात्रतेनुसार किमान विद्यावेतन महिना ५,००० ते ९,००० रुपये करण्यात आले. हा पगार नव्हे, पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या कामाचे पैसे पहिल्यांदा घरी आणले की वडिलांचे मत बदलायला मदत होते.

तुमच्या यजमानांच्या मनातली भीती मी समजू शकतो. ज्यांनी उन्हातान्हात बाग उभी केली, त्यांना आपल्या मुलाच्या हाताला तेल-काजळी लागू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना एवढेच सांगा, की तुमच्याच तालुक्यातली किर्लोस्करवाडी १९१० साली माळरानावर वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर अभियांत्रिकीचे पदवीधर नव्हते. ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते, रंग ओळखण्याच्या दृष्टिदोषामुळे चित्रकला सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि ते तंत्र त्यांनी मुंबईच्या तंत्रसंस्थेत शिकवलेही. त्याच लक्ष्मणरावांनी आपल्या मुलाला, शंतनुरावांना, पदवीसाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पाठवले. पदवीची किंमत त्या घराने ओळखली होती आणि हाताचीही. तुमच्या मुलाबाबत माझे मत आयटीआयच्या बाजूने आहे. पण ‘पदवी नको’ असे ठरवून नव्हे, ‘पदवी नंतर’ असे ठरवून.

प्रश्न : मी बारावी कला शाखेतून ५८ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाले आहे. वडील शेतमजुरी करतात. मला नर्स व्हायचे आहे. मिरजेची एक संस्था सहा महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स शिकवून लगेच दवाखान्यात लावते असे सांगते. घरचे म्हणतात, त्यापेक्षा जवळच्या कॉलेजात बी.ए. कर. सहा महिन्यांत मी घरी पैसे पाठवू शकेन, म्हणून मला तो कोर्स बरा वाटतो. – एक विद्यार्थिनी, जत तालुका

उत्तर : घरी लवकर पैसे पाठवावेत ही तुझी तळमळ मला मनापासून भावली आणि म्हणूनच तुला कटू वाटले तरी स्पष्ट सांगतो. सहा महिन्यांत कोणीही नर्स होत नाही. परिचारिका म्हणून काम करण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ती नोंदणी होत नाही. अशा अभ्यासक्रमातून रुग्णसहायक तयार होतो. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, तपासणीला नेणे ही कामे तो करतो. हे काम मोलाचे आहे आणि ज्याला तेच करायचे आहे त्याने तो कोर्स जरूर करावा. पण त्याला ‘नर्सिंग’ म्हणून तुझ्यासारख्या मुलींकडून पैसे घेणे ही फसवणूक आहे. दहा वर्षांनीही तू रुग्णसहायकच राहशील आणि तुझ्यानंतर आलेल्या नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखाली, तिच्यापेक्षा बऱ्याच कमी पगारावर काम करशील.

माझी थोरली बहीण मिरजेतल्या एका रुग्णालयात परिचारिका होती. मी लहान असताना तिने मला सलाईनचे थेंब मोजायला शिकवले होते. ज्या नळीतून वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तिच्यातून ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यायची असेल तर मिनिटाला सुमारे २१ थेंब पडले पाहिजेत. हे गणित मलाही आले. ती म्हणाली, “थेंब कुणीही मोजेल. पण रुग्णाचे हृदय अधू असेल आणि त्याला दम लागायला लागला, तर थेंब कमी करून डॉक्टरांना लगेच बोलवायचे, हे कळायला तीन वर्षे लागतात.” या तीन वर्षांना पर्याय नाही, कारण समोर माणूस झोपलेला असतो. पहिल्या पत्रातल्या मुलाला मी आधी हात, मग पदवी असे सांगितले. तुझ्या क्षेत्रात मात्र कायद्याने मान्य केलेले शिक्षण पुरे झाल्याशिवाय हाताला कामाची परवानगीच नाही.

तुझ्यासाठी योग्य अभ्यासक्रम जीएनएमचा, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका हा तीन वर्षांचा आहे. बारावी इंग्रजी विषयासह आणि किमान ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण असलेल्या कला शाखेच्या विद्यार्थिनीलाही तो खुला आहे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान लागते, त्यामुळे ते दार आज तुला बंद आहे; पण जीएनएम आणि नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून तू पदवीधर होऊ शकशील. तीन वर्षे फारच जड जात असतील तर दोन वर्षांचा एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका व प्रसविकेचा अभ्यासक्रम आहे, ज्यातून ग्रामीण आरोग्यसेवेकडे जाता येते. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलापासून मिरज दवाखान्यांचे गाव झाले आहे आणि १९६२ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नोंदणीकृत परिचारिकेला तिथे काम शोधत हिंडावे लागेल असे मला वाटत नाही.

प्रवेशापूर्वी संस्थेला एकच प्रश्न विचार : “तुमच्याकडून उत्तीर्ण झालेल्या मुलींची परिचर्या परिषदेत नोंदणी होते का, आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलीशी मला बोलता येईल का?” उत्तर देताना समोरचा माणूस गोंधळला, तर पिशवी उचलून निघून ये. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरता येतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला त्यासाठी आत्ताच काढून ठेव, कारण तहसील कार्यालयात याच दिवसांत रांगा लागतात. बी.ए. विषयी वेगळे काही लिहीत नाही. ती चांगली पदवी आहे, पण तुला जे व्हायचे आहे त्याच्या वाटेवर ती नाही.

प्रश्न : मी सातारा येथे बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेले वर्षभर एका करसल्लागारांच्या कार्यालयात अर्धवेळ काम करतो. जीएसटीची विवरणपत्रे भरणे, टॅलीत नोंदी करणे आता मला चांगले जमते. साहेब म्हणतात, पूर्णवेळ ये, पगार दुप्पट करतो, कॉलेजात काही शिकवत नाहीत. कॉलेज सोडावे का? – एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : सोडू नका. ज्याला काम मिळालेलेच नाही त्याला मी वेगळे सांगितले असते, पण तुमच्या हातात काम आहे आणि पदवीला थोडेच महिने उरले आहेत. या दोन्ही गोष्टी तुम्हाला एकाच वेळी मिळत आहेत, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला आणि बँकांच्या अधिकारी पदाला पदवी लागते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची व पुढे परत येण्याची सोय आहे खरी, पण जिथे पदवीधर मागतात तिथे दोन वर्षांची पदविका चालत नाही. शिवाय एकदा पूर्ण पगाराची सवय लागली की परीक्षेला बसणे पुढे पुढे ढकलले जाते.

कॉलेजात काही शिकवत नाहीत, या साहेबांच्या वाक्याबद्दल एक आठवण देतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा व्हॅटची विवरणपत्रे डोळे मिटून भरणारी अनेक माणसे एका रात्रीत कोरी झाली. ज्यांना मूल्यवर्धित कर म्हणजे काय, आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट का मिळते, हे मुळातून ठाऊक होते, ती माणसे एका हंगामात सावरली. विवरणपत्राचा नमुना उद्या पुन्हा बदलेल. त्यामागचा हिशेब तुम्ही ज्या पुस्तकात शिकता आहात ते पुस्तक इतक्यात बाजूला ठेवू नका. आणि तुम्ही साताऱ्यात राहता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ या योजनेत मुले सकाळी शेतात आणि दुपारी वर्गात असत. कमाई शिक्षणासाठी होती, शिक्षणाऐवजी नव्हती. साहेबांना नम्रपणे सांगा, की परीक्षा संपल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्णवेळ हजर होतो. त्यांना तुमच्या कामाची खरोखर किंमत असेल तर ते थांबतील.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. आयटीआय कातारी, शिकाऊ उमेदवारी पूर्ण. कुपवाड एमआयडीसीत सहा वर्षे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर ऑपरेटर आहे. मी ज्यांना सेटिंग शिकवले ते डिप्लोमावाले सुपरवायझर झाले, मी मशीनवरच आहे. एक ओळखीचा एजंट म्हणतो, परराज्यातल्या विद्यापीठाची मागील तारखेची बी.टेक. पदवी एका वर्षात काढून देतो. खूप पैसे मागतो आहे. घ्यावी का? शिकायचे वय निघून गेले असे वाटते. – एक कामगार, कुपवाड

उत्तर : आधी एजंटचे. मागील तारखेची पदवी हा गुन्हा आहे आणि तो तुमच्या नावावर राहतो, एजंटच्या नाही. कारखान्याने विद्यापीठाकडे पडताळणीचे पत्र पाठवले की त्याच दिवशी, सहा वर्षे कमावलेल्या कामाच्या नावासकट नोकरी जाईल. आजच त्याला नाही म्हणा आणि आगाऊ रक्कम दिली असेल तर ती परत मागा.

आता तुमचे दुःख. ते खरे आहे. आपण ज्याला शिकवले त्याच्यासमोर रजेचा अर्ज घेऊन उभे राहावे लागते, तेव्हा काय वाटते हे मी अनुभवले आहे. मी ज्या कारखान्यात होतो तिथे माझ्या बाबतीतही हेच झाले आणि तीन-चार वर्षे मी नुसता कुढत राहिलो. ती वर्षे मी अभ्यासात घातली असती तर बरे झाले असते. म्हणून तुम्हाला सांगतो : सत्तावीस हे वय शिकण्यासाठी मुळीच जास्त नाही. तुमच्यापुढे अजून तीस वर्षांची नोकरी आहे.

मात्र कोणते शिक्षण, हे ठरवण्यापूर्वी कारखान्यात एक विचारणा करा. सुपरवायझरसाठी पदविकाच लागते असा लेखी नियम आहे का, की आजवर तसे होत आले एवढेच? नियम असेल तर पदविकेला पर्याय नाही. तुमचा दोन वर्षांचा आयटीआय असल्याने थेट दुसऱ्या वर्षाची पात्रता तुमच्याकडे आहे. जवळपासच्या तंत्रनिकेतनात नोकरदारांसाठी अर्धवेळ तुकडी आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. गणिताबद्दल वर पलूसच्या ताईंना जे लिहिले ते तुम्हाला दुपटीने लागू आहे, कारण तुमचे गणित सुटून दहा वर्षे झाली. प्रवेश घेण्याआधी सहा महिने पाया पक्का करा.

लेखी नियम नसेल तर चित्र बदलते. अशा ठिकाणी बढती ज्या गोष्टींवर अडते त्या बहुतेक वेळा तीन असतात : इंग्रजीतले ड्रॉइंग आणि ई-मेल, संगणकावरचा कॅड-कॅमचा (आरेखन आणि मशीनचा प्रोग्रॅम तयार करण्याचा) सराव आणि गुणवत्ता विभागाची भाषा. प्रोग्रॅममधला ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) तुम्ही बोटांनी बदलता, पण तो का बदलला हे बैठकीत फळ्यावर मांडता येत नाही, म्हणून तुमच्याऐवजी दुसरा मांडतो. हे सगळे पाळी सांभाळून वर्षभरात शिकता येते आणि त्याला एजंट मागतो त्याच्या मानाने फार थोडा खर्च येतो.

पदवी हवीच असेल, आणि ती असावी असे मलाही वाटते, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमके तुमच्यासारख्यांसाठीच आहे. बारावी झालेली नसेल तर आयटीआयसोबत राज्य मंडळाच्या भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे. पहिला अर्ज त्याचा करा. दुसरी एक वाट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण तुमचे पत्र वाचताना ती मला सारखी दिसत होती. तुम्ही कामगारांना सेटिंग शिकवता आणि ते शिकून वर जातात, याचा अर्थ तुम्हाला शिकवता येते. आयटीआय झालेल्यांसाठी शिल्पनिदेशकाचे एक वर्षाचे प्रशिक्षण असते आणि आयटीआयमध्ये कातारीकाम शिकवायला, यंत्रावर खरोखर सहा वर्षे उभा राहिलेला माणूस हवाच असतो.

या आठवड्यात पाळी सुटल्यावर आधी मनुष्यबळ विभागात जाऊन तो लेखी नियम पाहा. त्याचे उत्तर मिळाल्यावर, आणि दहावीच्या पुढे कोणकोणत्या परीक्षा दिल्या आहेत ते कळवून, मला पुन्हा पत्र लिहा. समकक्षतेचा अर्ज कसा भरायचा ते पुढच्या उत्तरात सविस्तर सांगतो.